विश्लेषण : पापण्यांची शस्त्रक्रिया मनासारखी झाली नाही तर? दुरुस्तीचे पर्याय कोणते, थांबायचे किती?

पापणी पूर्ण मिटत नाही, एक डोळा लहान दिसतो, खालची पापणी ओढल्यासारखी वाटते… सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतरच्या अशा तक्रारींपैकी बऱ्याचशा काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. काहींना मात्र दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज लागते आणि मोजक्या तक्रारींत एक रात्रही थांबून चालत नाही. हा फरक ओळखायचा कसा?

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरील धरणाचे गाव. अशा गावांतही मोबाइलच्या पडद्यावर ‘दहा वर्षांनी तरुण दिसा’ अशा जाहिराती पोहोचतात. शस्त्रक्रिया मात्र होते ती मोठ्या शहरात. तास-दोन तासांचे काम, बहुतेकदा त्याच दिवशी सुट्टी आणि आठवडाभरात टाके काढले की रुग्ण गावी परततो. सूज ओसरून खरा निकाल दिसू लागतो तो त्यानंतर. तोवर डॉक्टर शेकडो किलोमीटर दूर असतात आणि शेतातली कामे समोर उभी असतात.

पापणीची शस्त्रक्रिया म्हणजे काय?

वैद्यकीय भाषेत तिला ‘ब्लेफरोप्लास्टी’ म्हणतात. वरच्या पापणीवर सैल झालेली कातडी, गरजेनुसार थोडा स्नायू आणि चरबी काढली जाते. खालच्या पापणीत डोळ्याखाली फुगलेली चरबी काढतात किंवा खालच्या खोलगट भागात सरकवून बसवतात. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते. त्यामुळे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरकही चेहऱ्यावर लगेच जाणवतो.

पापणीचे काम केवळ शोभेचे नाही. प्रत्येक उघडझापीत ती डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवते आणि झोपेत डोळा झाकून ठेवते. पापणी नीट मिटली नाही, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल कोरडे पडते. हिंगोली जिल्हा हळदीचा. हळद वाळवणे, पॉलिश करणे, सोयाबीनची मळणी या कामांत धूळ भरपूर उडते. अर्धवट मिटणाऱ्या डोळ्याला ही धूळ शहरातल्या वातानुकूलित कार्यालयापेक्षा कितीतरी अधिक बाधते.

निकाल का बिघडतो?

पहिले कारण निदानातले. डोळा जड दिसतो तो कधी जास्तीच्या कातडीमुळे, कधी पापणी उचलणारा स्नायू सैल झाल्यामुळे, तर कधी भुवई खाली घसरल्यामुळे. तिन्ही आरशात सारखेच दिसतात, पण उपचार वेगळे असतात. स्नायू सैल असताना केवळ कातडी काढली, तर डोळा अर्धवट झाकलेलाच राहतो. भुवई घसरलेली असताना कातडी काढली, तर भुवई आणखी खाली येते.

दुसरे कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त काढणे. वरच्या पापणीत भुवई आणि पापणीच्या कडेमध्ये साधारण २० मिलिमीटर कातडी शिल्लक ठेवावी, असा ढोबळ नियम शल्यचिकित्सक पाळतात. चरबी जास्त काढली, तर डोळा खोल गेलेला आणि थकलेला दिसतो. तिसरे कारण आतून आवळणारा व्रण. यात डॉक्टरांची चूक असतेच असे नाही, प्रत्येकाचे शरीर वेगळ्या पद्धतीने भरून येते. खालच्या पापणीची कडा आधीच सैल असेल, तर हा व्रण तिला सहज खाली ओढतो.

कोणत्या लक्षणांत अजिबात थांबू नये?

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या २४ तासांत एका डोळ्यात अचानक तीव्र वेदना, डोळा पुढे आल्यासारखा ताठ फुगणे, नजर अंधूक होणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे ही आणीबाणी आहे. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब येत असल्याची ती खूण असू शकते. हा प्रकार दुर्मीळ आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात त्याचे प्रमाण साधारण २ हजारांत एक आढळले होते. पण तो झालाच, तर दाब दीड-दोन तासांत कमी करावा लागतो. अन्यथा दृष्टी कायमची जाऊ शकते. त्यासाठी टाके उघडून साचलेले रक्त बाहेर काढतात, गरज पडल्यास डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात छेद देतात. म्हणूनच पहिली रात्र शस्त्रक्रिया झालेल्या शहरातच काढणे शहाणपणाचे. तोवर गावी पोहोचला असाल, तर १०८ रुग्णवाहिका बोलावून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे.

दुसरा धोका पुढच्या दिवसांतला. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर पारपटलाला जखम झालेली असू शकते. पू येणे, ताप, वाढती लाली ही संसर्गाची चिन्हे. अशा वेळी मूळ डॉक्टरांच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पारपटलाची प्राथमिक तपासणी नेत्रतज्ज्ञाच्या साध्या यंत्रावर होते, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

बाकीच्या तक्रारींत घाई का नको?

सूज आणि काळेनिळेपणा दोन-तीन आठवड्यांत बराच उतरतो. आतला ताठरपणा जायला मात्र महिने लागतात. दोन्ही डोळ्यांची सूज एकाच वेगाने उतरत नसल्याने सुरुवातीला डोळे लहान-मोठे दिसतात. व्रण मऊ होण्यास सहा महिने ते वर्ष लागू शकते. म्हणून दिसण्यापुरत्या दुरुस्तीसाठी साधारणपणे तीन ते सहा महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. ताज्या व्रणावर पुन्हा चाकू चालवला, तर नवा व्रण आणखी आवळतो.

थांबायचे म्हणजे काहीच करायचे नाही, असे नाही. दिवसा अश्रूंसारखे थेंब, रात्री मलम, झोपताना डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पट्टी, पापणीला ठरावीक दिशेने हलका मसाज आणि बाहेर पडताना बाजूने बंद असलेला चष्मा यांनी डोळा सांभाळला जातो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पाण्यासारखा फुगवटा आला, तर थेंब आणि मलमाने तो बहुधा काही आठवड्यांत बसतो. व्रण घट्ट होत असल्यास काही वेळा त्यात इंजेक्शन देतात. मात्र स्टेरॉइडचे थेंब औषध दुकानातून परस्पर आणून वापरू नयेत. त्यांनी डोळ्यातील दाब वाढू शकतो.

वरच्या पापणीच्या दुरुस्तीचे पर्याय कोणते?

कातडी थोडी जास्त राहिली असेल, तर दुरुस्ती तुलनेने सोपी. स्थानिक भूल देऊन उरलेली पट्टी काढता येते. डोळ्यांवरची घडी वर-खाली असेल, तर खालची घडी वर घेणे सोपे आणि वर गेलेली खाली आणणे अवघड. पापणी लोंबत असेल, तर ती उचलणारा स्नायू घट्ट करतात. यात एक मेख आहे. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून एकच आदेश जातो. त्यामुळे एक बाजू उचलली की चांगली वाटणारी दुसरी पापणी खाली येऊ शकते. म्हणून दोन्ही डोळ्यांची चाचणी आधी करून घ्यावी लागते.

सर्वांत कठीण प्रकार म्हणजे कातडी कमी पडून डोळा न मिटणे. मसाज आणि वेळ देऊनही फरक पडला नाही, तर कानामागची किंवा दंडाच्या आतल्या बाजूची कातडी घेऊन तिथे लावतात. डोळा मिटू लागतो, पण लावलेल्या कातडीचा रंग आणि पोत थोडा वेगळा दिसू शकतो.

खालची पापणी ओढली गेली असेल तर?

बुबुळाखाली पांढरा भाग जास्त दिसणे, डोळ्याचा बाहेरचा कोपरा गोलसर होणे, पापणी बाहेर उलटून सतत पाणी गळणे या तक्रारी त्रासदायक असतात. प्रश्न फक्त सैलपणाचा असेल, तर पापणीचा बाहेरचा कोपरा हाडाजवळच्या ऊतींना घट्ट बांधतात. आतला थर आखडला असेल, तर टाळूची आतली त्वचा किंवा कानातील कूर्चेचा तुकडा पापणीत आधार म्हणून बसवतात. कातडीच कमी असेल, तर गाल वर उचलून त्यातून कातडी मिळवतात किंवा नवी कातडी लावतात. अनेकदा यातले दोन-तीन उपाय एकत्र करावे लागतात.

खोलगट दिसणारे डोळे आणि व्रण?

जास्त चरबी काढल्याने आलेला खोलगटपणा रुग्णाच्याच पोटातली किंवा मांडीतली चरबी भरून कमी करता येतो. तिचा काही भाग शरीर शोषून घेते, त्यामुळे एकापेक्षा अधिक वेळा भरावी लागू शकते. हायलुरॉनिक आम्लाचे फिलर हा दुसरा पर्याय. ते पसंत पडले नाही, तर इंजेक्शनने विरघळवता येते. पण चुकून रक्तवाहिनीत गेले, तर दृष्टी जाण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका असतो. हे काम ब्यूटी पार्लरमध्ये करून घेऊ नये. टाक्यांच्या जागी आलेले पांढरे बारीक दाणे दवाखान्यात सहज काढता येतात. उठावदार व्रणावर सिलिकॉन जेल, मसाज आणि उन्हापासून बचाव हे पहिले उपाय.

दुसरे मत घेताना काय विचारावे?

नेत्ररोगात पदव्युत्तर पदवी घेऊन पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे विशेष प्रशिक्षण घेतलेले नेत्रप्लास्टिक सर्जन किंवा एम. सीएच. पदवीचे प्लास्टिक सर्जन यांच्याकडे जावे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. प्रश्न साधे असावेत : माझ्या बाबतीत नेमके काय कमी पडले, कातडी, स्नायू की चरबी? थांबलो तर डोळ्याला धोका आहे का? दुरुस्तीनंतर किती फरक पडेल आणि काय तसेच राहील? अशा किती दुरुस्त्या तुम्ही केल्या आहेत?

मोबाइल इथे खरोखर उपयोगी पडतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे फोटो जपून ठेवावेत. नंतर दर आठवड्याला त्याच जागी, त्याच उजेडात डोळे उघडे, हलके मिटलेले आणि वर पाहताना असे तीन फोटो काढावेत. घरच्यांनी झोपेत काढलेला एक फोटो पापणी किती मिटते हे डॉक्टरांना अचूक सांगतो.

खर्च, विमा आणि तक्रारीचे काय?

केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांना अपवाद असतो. दुरुस्ती डोळा वाचवण्यासाठी असेल, तर तसे डॉक्टरांकडून लेखी घेऊन विमा कंपनीकडे विचारणा करावी.

उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असे डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत नमूद आहे. रुग्णाला आपली कागदपत्रे मिळाली पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये स्पष्ट केले होते. निष्काळजीपणा झाल्याचे वाटत असेल, तर मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. भरपाईसाठी दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ही तक्रार रुग्ण जिथे राहतो त्या जिल्ह्यातही दाखल होते. म्हणजे शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत झाली असली, तरी सिद्धेश्वरच्या रहिवाशाला हिंगोलीत दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. मात्र निकाल आवडला नाही, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. संमतीपत्रात कोणते धोके सांगितले होते आणि नंतरच्या तक्रारींकडे लक्ष दिले गेले का, हे पाहिले जाते.

शस्त्रक्रियेआधीच फोन क्रमांक, तपासणीच्या तारखा आणि दुरुस्तीची गरज पडल्यास तिचा खर्च कोणाचा, हे लेखी घेतलेले बरे. काढलेली कातडी जशीच्या तशी परत मिळत नाही. पण डोळा जपला आणि योग्य वेळेपर्यंत थांबलो, तर दुरुस्तीला वाव राहतो.