हत्तीच्या गावात आठ दिवस

नवी सोशल साइट म्हणजे नाव, पासवर्ड, एक बरा फोटो आणि काम संपलं, अशी माझी समजूत होती. मॅस्टोडॉनने दारातच विचारलं, कुठल्या सर्व्हरवर राहणार? समोर यादी. एक चित्रकारांचा, एक विज्ञानवाल्यांचा, एक फक्त जर्मन बोलणाऱ्यांचा. पुण्यात भाड्याची खोली शोधतानाही मी एवढा विचार केला नव्हता. शेवटी एक लहानसा सर्व्हर निवडला, कारण त्याची नियमावली एका चहात वाचून झाली.

हा घोळ सुटतो तो ई-मेल आठवल्यावर. माझं खातं जीमेलवर, तुमचं रेडिफमेलवर, तरी पत्र पोचतं. मॅस्टोडॉनही तसंच. ओयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये ते आणलं. सर्व्हर अनेक, चालवणारे वेगवेगळे, पुष्कळसे हौशी आणि देणग्यांवर भागवणारे. त्यांची आपसातली बोली मात्र एक, ॲक्टिव्हिटीपब. लुप्त झालेल्या हत्तीसारख्या प्राण्याचं नाव असल्याने इथल्या पोस्टला पूर्वी ‘टूट’ म्हणत. मराठीत चीत्कारच म्हणायला हवं होतं!

भारतात मॅस्टोडॉनची चर्चा झाली २०१९च्या नोव्हेंबरात. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं होतं, ते एका छायाचित्रावरून: १९३६ सालचं हॅम्बुर्ग, नाझी सलामी देणारी गर्दी आणि तिच्यात हाताची घडी घालून उभा एकटा माणूस. त्या रागात बरेच जण इकडे आले. २०२२ मध्ये उद्योगपती इलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं तेव्हा जगभरातून आणखी मोठी लाट आली. दोन्ही वेळा कित्येक जण गुपचूप परतलेही.

का परतले, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. माझ्या पानावर शुकशुकाट. जाहिरात नाही, ‘तुम्हाला हेही आवडेल’ नाही. ज्यांना फॉलो कराल त्यांचंच लिखाण, तेही ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने. पंगतीत बसून वाढप्याची वाट पाहायची सवय झालेली, आणि इथे वाढपीच नाही. उठून आपलं आपण घ्यायचं. हॅशटॅग शोधत हिंडलो तेव्हा एक सापडले: शेवाळाचे फोटो टाकणारे स्कॉटलंडमधले निवृत्त मास्तर.

वादावादी इथेही आहेच. फरक असा, की एक अख्खा सर्व्हर दुसऱ्याला वाळीत टाकू शकतो. मॅस्टोडॉनची संगणकीय संहिता खुली असल्याने २०१९ मध्ये ‘गॅब’ या अतिउजव्यांच्या साइटने ती घेतली, तेव्हा बहुतेक सर्व्हरनी त्या साइटशी बोलणंच तोडलं. ही सोय मला आवडते, आणि थोडी धास्तीही वाटते. आपला सर्व्हरचालक शहाणा असेल तोवर ठीक, नाहीतर बिऱ्हाड हलवायचं. त्यात फॉलोअर्स सोबत येतात, लिहिलेलं मात्र जुन्या घरीच राहतं.

आठव्या दिवशी मास्तरांना विचारलं, हे सगळं शेवाळ एकच का? पाचशे अक्षरांची मर्यादा असताना त्यांनी चार पोस्ट लिहिल्या, आणि शेवटी विचारलं, तुमच्याकडे पावसाळ्यात कसं दिसतं? भिंतीवरच्या त्या हिरव्या थराला मी दरवर्षी चुना फासतो. यंदा मोबाइल घेऊन गच्चीत गेलो.