प्रौढांच्या वर्गातील ‘अहो’ आणि ‘अगं’

१८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा सावित्रीबाई अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. आज मात्र ज्याला अक्षर येते तो प्रौढांना शिकवू शकतो, असा समज आहे. २०२२ पासूनचा नवभारत साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच उभा आहे. त्यांना बाराखडी येते. स्वतःचा पूर्वग्रह दिसत नाही.

म्हणून अशा स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात आम्ही पहिल्या दिवशी फळा कोराच ठेवतो. प्रत्येकाने लिहायचे : गावात आपण कोणाला ‘अहो’ म्हणतो, कोणाला ‘अरे’, ‘अगं’? यादीत वयाचा हिशेब जुळत नाही, वस्तीचा जुळतो. साठीची सफाई कामगार ‘अगं’, आणि तिच्या नातवाच्या वयाचा वाड्यावरचा मुलगा ‘अहो’! ही यादी प्रथम केली तेव्हा आमचीही मान खाली गेली. समतेची भाषणे करणारे आम्ही पारधी वस्तीतल्या वृद्धांना ‘अरे’च म्हणत आलो होतो. कुणी कागद दुमडून खिशात ठेवतो. आम्ही तो मागत नाही.

त्यानंतर बोलीचा प्रश्न. ‘न्हाई’ लिहिणाऱ्या आजीचे वाक्य आधी वाचून घ्यावे, प्रमाण रूप मागाहून दाखवावे.

दुसऱ्या दिवशी वस्तीत प्रत्यक्ष पाठ. गिरवायचा पहिला शब्द म्हणजे शिकणाऱ्याचे नाव. हाकेतले तोडलेले नव्हे, पूर्ण.