पाण्यावरचा दिवा : शाळेच्या मत्स्यपेटीसाठी ॲल्युमिनियमची टांगती चौकट



आज एका लहानशा वस्तूविषयी बोलायचे आहे. शाळेतल्या माशांच्या काचपेटीवर दिवा कसा टांगावा, एवढाच आपला विषय. तुम्ही म्हणाल, त्यात सांगण्यासारखे काय आहे? दोरी बांधली, दिवा लटकवला, झाले काम! पण असे झालेले काम मी आपल्याच बाजूच्या एका गावच्या शाळेत पाहिले आहे. छताच्या वाशाला सुतळी, सुतळीला पत्र्याची पट्टी आणि पट्टीला नळीचा दिवा. दोन पावसाळ्यांत सुतळी कुजली आणि एके दुपारी दिवा सरळ पाण्यात पडला. पेटीपाशी मुले उभी होती, एकाचा हात पाण्यात होता. त्या वेळी गावची वीज गेलेली होती, म्हणून मूल वाचले. वीज गेली म्हणून आपण रोज कुरकुर करतो. त्या दिवशी मात्र तिचे जाणेच उपकाराचे ठरले. पण मुलांचा जीव भारनियमनाच्या भरवशावर ठेवायचा नसतो. तेव्हा हे काम नीट कसे करावे, ते पाहू.

आधी पेटी कशाला हवी, ते सांगतो. वडनेर भोलजीसारख्या गावातली शाळा डोळ्यांपुढे आणा. पावसाळा आला की हिवताप, डेंगी यांच्या गोष्टी निघतात. आरोग्य खात्याची माणसे हौदांत, डबक्यांत गप्पी मासे सोडतात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्रिनिदाद बेटावरून रॉबर्ट गप्पी यांनी 1866 मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले, त्यांचेच नाव माशाला चिकटले. तो अंडी घालत नाही, पिल्ले देतो, आणि डासांच्या अळ्या आवडीने खातो. वर्गात पेटी असेल तर मुलांना हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. वाटीभर अळ्या पाण्यात टाका आणि मुलांना घड्याळ बघायला सांगा, एवढे पुरे.

आपला भाग पूर्णेच्या खोऱ्यातला. या खोऱ्यातल्या कितीतरी गावांना विहिरीचे पाणी खारे लागते. गप्पी जड आणि किंचित खाऱ्या पाण्यातही राहतो, म्हणून तो आपल्याकडे सोयीचा. मात्र त्याला नदी-नाल्यात सोडू नये. तिथे तो गावठी माशांच्या मुळावर येतो. बंदिस्त हौद, टाके एवढीच त्याची जागा.

आता दिव्याकडे वळू. मुंबईला मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. अशा मत्स्यालयांची युक्ती साधी असते : बघणारा अंधारात आणि मासा उजेडात. वर्गाच्या कोपऱ्यातली पेटी दिव्यावाचून काळीच दिसते, आणि तिच्यातल्या पाणवनस्पतींनाही उजेड लागतो. दिवा झाकणातच बसवला तर तो वाफेने आणि शिंतोड्यांनी लवकर खराब होतो, शिवाय पेटी साफ करताना दर वेळी उचलून ठेवावा लागतो. वर टांगला तर हात घालायला जागा राहते, आणि उजेड कमी-जास्तही करता येतो.

चौकट ॲल्युमिनियमचीच का? हा धातू आपल्या घरात आहेच. आपल्या बायाबापड्या ज्याला जर्मनचा गंज म्हणतात, तोच हा. एका कारागिराला मी हे काम समजावून सांगत होतो, तेव्हा तो हसून म्हणाला, “गुरुजी, हे तं जर्मनच आहे!” मी म्हटले, “होय भाऊ, गंजाचेच गुण आणि गंजाचेच दोष.”

गुण असे : लोखंडाच्या मानाने त्याचे वजन साधारण एक तृतीयांश, आणि ते तांबडे गंजत नाही. उष्णता त्यातून लोखंडापेक्षा सुमारे तिप्पट सहज वाहते. एलईडीचे दिवे स्वतःच्याच उष्णतेने लवकर मरतात. त्यांची पट्टी ॲल्युमिनियमवर चिकटवली तर धातू ती उष्णता ओढून हवेत सोडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार कामाला येते.

आता दोष. चिंचेचे सार जर्मनच्या गंजात ठेवू नये, हे आपल्या आज्या सांगत. आंबट आणि खारट पदार्थ त्या धातूला खातात. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे साचले तर चौकटीलाही बारीक खड्डे पडतात. दुसरा दोष मोठा : ज्यातून उष्णता सहज वाहते, त्यातून वीजही सहज वाहते. म्हणून 230 व्होल्टची तार या चौकटीवर आणायचीच नाही. 12 व्होल्टवर चालणारी, वर पारदर्शक लेप असलेली एलईडीची पट्टी घ्यावी. 230 चे 12 व्होल्ट करणारा अडॅप्टर भिंतीवर, पेटीपासून निदान चार फूट दूर, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.

पेटी 3 फूट लांब आणि 1 फूट रुंद आहे असे धरू. खिडक्या-दरवाजे करणाऱ्यांकडे एक इंची ॲल्युमिनियमचा अँगल मिळतो. त्याचे 36 इंचांचे दोन आणि 8 इंचांचे तीन तुकडे लागतील, म्हणजे बरोबर 8 फूट अँगल झाला. शिवाय दिवे चिकटवायला एक इंच रुंदीच्या सपाट पट्टीचे 36 इंचांचे दोन तुकडे घ्या. सगळ्याचे वजन किलोच्या आसपास भरते. रंगवलेला किंवा अनोडाइज केलेला माल मिळाला तर तोच घ्यावा, खारे पाणी त्याला लवकर बाधत नाही.

तुकडे कापल्यावर कडा कानशीने घासा, नाहीतर बोटे कापतील. लांब अँगल समोरासमोर ठेवून दोन आडवे तुकडे टोकांना आणि एक मधोमध लावा. दर सांध्याला दोन-दोन रिव्हेट मारा. एकाच रिव्हेटवर सांधा फिरतो. चौकट काटकोनात आहे की नाही, हे गुण्याने पाहा, आणि मग मुलांकडून दोन्ही कर्ण मोजून घ्या. कर्ण सारखे भरले तर चौकट सरळ. भूमितीचा तास इथेच होऊन जातो. शेवटी सपाट पट्ट्या आडव्या तुकड्यांच्या खालून लांबीत बसवा, स्पिरिटने पुसा, आणि त्यांच्या खालच्या बाजूस दिव्यांची पट्टी चिकटवा.

हिशेबही मुलांनाच करू द्या. पट्टीच्या वेष्टनावर मीटरला 10 वॅट लिहिले असेल, तर दोन्ही मिळून सुमारे 1.8 मीटरला 18 वॅट लागतील. 18 ला 12 ने भागले की दीड अँपियर. म्हणून अडॅप्टर निदान 2 अँपियरचा. दिवसाला आठ तास दिवा लागला तर 30 दिवसांत साधारण सव्वाचार युनिट वीज जाईल.

आता टांगणी. सगळ्या कामाचे मर्म इथे आहे. चौकटीच्या चार कोपऱ्यांना पोलादी तारा बांधा. डावीकडच्या दोन तारा एका कडीत आणा, उजवीकडच्या दोन दुसऱ्या कडीत. प्रत्येक कडी साखळीने छताच्या हुकात अडकवा. साखळी घेतली म्हणजे एक-एक दुवा चढवून किंवा उतरवून उंची बदलता येते. पत्र्याचे छत असेल तर हुक लोखंडी कैचीला लावा. स्लॅब असेल तर भोक पाडून फास्टनर ठोका. लाकडी रिपेला आणि पंख्याच्या हुकाला काहीही टांगू नका.

एवढ्यावर थांबू नका. दोन्ही टोकांना आणखी एकेक तार, वेगळ्या हुकावरून, सुमारे दोन इंच ढिली ठेवून बांधा. हिला मी राखणतार म्हणतो. एरवी तिच्यावर काहीच भार नसतो. पण साखळी तुटली तर चौकट दोन इंच खाली येऊन तिथेच थांबते. चौकट पाण्यापासून एक फूट वर असली, तर पाण्याला दिवा लागण्याचा प्रश्नच उरत नाही. शेतात विहिरीवर उतरताना आपण एका दोरावर विसंबत नाही, तोच हा न्याय.

पेटी खाली आणण्याआधी परीक्षा घ्या. चौकटीला पाच लिटर पाण्याचा डबा बांधून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी डबा काढून घ्या आणि एक साखळी मुद्दाम सोडा. राखणतार झेलते की नाही, ते मुलांसमक्ष पाहा. मग दुसऱ्या बाजूचीही तशीच परीक्षा घ्या. त्यानंतरच पेटी खाली सरकवा.

विजेच्या चार गोष्टी ध्यानात घ्या. तार प्लगकडे जाताना आधी प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी. तारेवरून ओघळलेला थेंब झोळापाशी गळून जातो, प्लगमध्ये शिरत नाही. बोर्डावर 30 मिलिअँपियरला तुटणारा गळतीरोधक स्विच वायरमनकडून बसवून घ्या. शाळेची अर्थिंग तपासून घ्या. आणि पाण्यात हात घालण्याआधी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून हातात घ्यायचा. ही सवय मुलांना लागली, तर तीच पुढे शेतातल्या मोटारीपाशी त्यांना वाचवील.

दिवा आठ तास पुरे. पाणी हिरवे होऊ लागले की उजेड जास्त झाला असे समजा. चौकट दोन-चार इंच वर घ्या किंवा दोन तास कमी करा. महिन्यातून एकदा प्लग काढून चौकटीवरचा खाराचा पांढरा थर ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. तेव्हाच तारा, कड्या आणि हुक हाताने ओढून पाहा. त्या दिवसाची तारीख खडूने भिंतीवर लिहून ठेवा आणि हे काम वर्गातल्या दोन मुलांवर सोपवा.

शिक्षक मित्रहो, मूल काचेला नाक लावून उभे राहणार, आणि आपले लक्ष चुकवून पाण्यात बोटही घालणार. ते थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये. ते बोट घालील तेव्हा डोक्यावरचा दिवा आपल्या जागी राहील, एवढी तजवीज आपण आधी करून ठेवायची.