कल्पित प्राण्यांचं रान : लेखांक ७ – झाडं राखणारी पाल

गेल्या लेखांकात पाठीवर कांदा वागवणाऱ्या बल्बासोरची कुंडली मांडली. तो १९९६ चा, पोकेमॉनच्या अगदी पहिल्या पिढीतला. आज त्याच्या हिरव्या वारसदाराकडे वळू. वारसदार म्हटलं तरी स्वभाव पार उलटा. बल्बासोर भोळा आणि बसका, तर हा सडपातळ, चपळ आणि थोडा शिष्ट. नाव ट्रीको.

२१ नोव्हेंबर २००२ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन रुबी’ आणि ‘पोकेमॉन सफायर’ हे जोडखेळ गेम बॉय ॲडव्हान्सवर आले. खेळाची सुरुवातच एका फजितीने होते. प्राण्यांचा अभ्यास करणारे प्रोफेसर बर्च गावाबाहेर एका रानटी पोकेमॉनच्या तावडीत सापडलेत आणि मदतीसाठी ओरडताहेत. त्यांची बॅग जवळच गवतात पडली आहे. बॅगेत तीन पोके बॉल आहेत. एकात आगीचा टॉर्चिक, दुसऱ्यात पाण्याचा मडकिप आणि तिसऱ्यात गवत प्रकारातला ट्रीको. तुम्ही त्यातला एक उचलायचा, प्रोफेसरांना वाचवायचं, आणि तोच पुढे जन्माचा सोबती. इतका मोठा निर्णय इतक्या घाईत घ्यायला लावणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

ज्यांनी हिरवा गोळा उचलला, त्यांच्या वाट्याला अर्धा मीटर उंचीचा, पाच किलो वजनाचा जीव आला. अंग हिरवं, गळा आणि पोट लाल, शेपटी जाड आणि गडद हिरवी. सोळाव्या लेव्हलला त्याचा ग्रोव्हाइल होतो आणि मनगटांवर पानं फुटतात. छत्तिसाव्या लेव्हलला सेप्टाइल होतो : उंची १.७ मीटर, पाठीवर पिवळ्या बिया, आणि शेपटी फर्नच्या मोठ्या पानासारखी. खेळात याला उत्क्रांती म्हणतात. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी मात्र कान झाकावेत, कारण एकाच जिवाने आपल्या आयुष्यात असा कायापालट करणं हे सुरवंट-कोश-फुलपाखराचं काम आहे. खेळाचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे, हे आठवलं की ही कल्पना कुठून आली ते कळतं.

खेळ घडतो तो होएन नावाच्या प्रदेशात. तो जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरून घेतला आहे, फक्त नकाशा वळवून आडवा केला आहे. दिग्दर्शक जुनइची मासुदा लहानपणी सुट्टीत आजी-आजोबांकडे क्यूशूला जात. तिथला दमट उन्हाळा, समुद्र आणि गर्द झाडी होएनमध्ये जागोजागी दिसते. अशा मुलखात झाडावर राहणारी पाल असणं अगदी ओघाने आलं. जपानमध्ये पालीला घर राखणारी म्हणून मान आहे, ट्रीको हा तिचाच रानातला भाऊबंद. आपल्याकडे पालीच्या वाट्याला आलं ते पंचांगातलं पल्लीपतनाचं कोष्टक, नाहीतर थेट केरसुणी.

आता त्याचे पाय जवळून पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. पोकेडेक्स म्हणजे खेळातला प्राणिकोश. त्यात प्रत्येक प्राण्याला दोन-तीन वाक्यं मिळतात. रुबीमधली नोंद सांगते की ट्रीकोच्या तळपायांना बारीक आकडे असतात आणि त्यांच्या जोरावर तो उभी भिंत चढतो. घरातली पाल असं करत नाही. तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्यांच्या गाद्या असतात आणि त्या पट्ट्यांवर सूक्ष्म केसांचं दाट रान असतं. टोके जातीच्या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख केस असतात. प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो फाट्यांत फुटतं आणि त्या फाट्यांची टोकं चपटी असतात, तीही सूक्ष्मदर्शकाच्या साध्या भिंगाला न दिसण्याइतकी लहान. ती पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की रेणू-रेणूंमधलं क्षीण आकर्षण, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, ते कामाला येतं. एका टोकाचं आकर्षण नगण्य असतं. कोट्यवधींचं मिळून पाल काचेवरही उलटी चालते. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एकेका केसाची पकड मोजली, आणि ही पकड पाण्याच्या ओलाव्याची नसून याच बलाची आहे याचा पुरावा २००२ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे ट्रीको बाजारात आला त्याच वर्षी.

मग आकड्यांची नोंद चुकीची म्हणायची का? घरातल्या पालीच्या बाबतीत हो, पण सगळ्याच पालींच्या बाबतीत नाही. आपल्या सह्याद्रीत नेमास्पिस नावाच्या छोट्या पालींचा एक गोतावळा आहे. त्यांना रुंद गाद्या नसतात. बोटं बारीक, काटकुळी आणि टोकाला नख. खडकाच्या, झाडाच्या सालीच्या खरबरीत पृष्ठभागावर त्या नखांनीच पकड घेतात. बहुतेक जाती दिवसा वावरतात आणि डोळ्यांच्या बाहुल्या गोल असतात. कोल्हापूरचं नाव घेतलेली नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस २००९ मध्ये जगासमोर आली. सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांच्या नावाची, कास पठारावरची नेमास्पिस गिरी २०१४ मध्ये. ट्रीकोचे पाय कोणाचे विचाराल तर स्वयंपाकघरातल्या पालीपेक्षा या रानपालींचे जास्त वाटतात.

डोळ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. ट्रीकोचे डोळे पिवळे, बाहुली उभी आणि चिरेसारखी, म्हणजे रात्री हिंडणाऱ्या पालीची. आणि त्यावर अर्धवट मिटलेल्या जाड पापण्या. खऱ्या पालींच्या या कुळाला हलणाऱ्या पापण्याच नसतात, डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं आणि ते त्या जिभेने चाटून साफ करतात. चित्रकाराने पापण्या दिल्या त्या निव्वळ तोऱ्यासाठी. त्या नसत्या तर ‘मला काय त्याचं’ हा जो भाव ट्रीकोच्या चेहऱ्यावर कायम असतो, तो आलाच नसता. सफायरमधली नोंद याच भावाला धरून आहे : कितीही मोठा शत्रू डोळे वटारून बघू दे, हा तसूभरही न हटता तितकंच रोखून बघतो.

पुढच्या खेळांत आणखी दोन गोष्टी जोडल्या गेल्या. हा शेपटीने हवेतला ओलावा ओळखून उद्याचं हवामान सांगतो. कावळ्याचं घरटं कुठल्या झाडावर, कुठल्या फांदीला आहे त्यावरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांना हे काही अजब वाटणार नाही. आणि ‘एमराल्ड’मध्ये म्हटलं आहे की तो रानातल्या प्रचंड वृक्षात घरटं करतो, आपल्या हद्दीत कोणाला फिरकू देत नाही आणि त्याला रानातल्या झाडांचा रक्षक मानतात.

रक्षक वगैरे ठीक, पण लढाईत काय? इथे खेळ रचणाऱ्यांनी ट्रीकोवाल्यांची बरीच परीक्षा पाहिली आहे. पहिली जिम (म्हणजे लढतीचा आखाडा) रॉक्सॅनची, खडक प्रकाराची. गवतापुढे खडक टिकत नाही, त्यामुळे सुरुवात झोकात. तिसरी वॉटसनची, विजेची. गवताला वीज फारशी लागत नाही, तेही जमतं. चौथी फ्लॅनरीची, आगीची, आणि इथे पळता भुई थोडी होते. खरी थट्टा सहाव्या जिमला. फोर्ट्री हे गाव अख्खं झाडांवर वसलेलं आहे, लाकडी घरं आणि त्यांना जोडणारे झुलते पूल. झाडावरच्या प्राण्याचं हे माहेरच वाटावं. पण तिथली विनोना उडणाऱ्या पोकेमॉनची उस्ताद, आणि गवत प्रकार पक्ष्यांपुढे कायम हतबल. घरच्या मैदानावर मार खायची अशी वेळ दुसऱ्या कुठल्या स्टार्टरवर आली असेल असं वाटत नाही. मडकिपवाले मित्र या सगळ्यातून आरामात पार होत, आणि वर अक्कलही शिकवत. त्यांच्या मडकिपचा शेवटी स्वॅम्पर्ट होतो, पाणी आणि जमीन असा दुहेरी. त्याला गवताचा घाव चौपट बसतो, एवढाच काय तो सेप्टाइलवाल्यांचा सूड.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. ग्रोव्हाइल आणि सेप्टाइल यांची खास मूव्ह म्हणजे लीफ ब्लेड, मनगटावरच्या पानाने केलेला सपासप वार. त्या पिढीत नियम असा होता की गवत प्रकाराची प्रत्येक मूव्ह ‘स्पेशल’ हल्ल्यात मोजायची. सेप्टाइलचा स्पेशल अटॅक १०५, साधा अटॅक ८५. म्हणजे हिशोब जुळला. २००६ मध्ये ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ आले आणि नियम बदलला. आता प्रत्येक मूव्ह तिच्या स्वरूपावरून ठरू लागली. पानाने प्रत्यक्ष वार करायचा तर तो ‘फिजिकल’. लीफ ब्लेडची ताकद ७० वरून ९० झाली, पण ती आता सेप्टाइलच्या कमजोर आकड्यावर चालू लागली. तर्क बिनचूक होता, आणि त्याच तर्काने ज्याची तलवार त्याच्याच हाताला ती जड केली. वेग मात्र कोणी काढून घेतला नाही : १२०. तो पहिला वार करतो आणि तो वार चुकला तर फार काळ टिकत नाही, कारण बचाव अवघा ६५. त्यात ‘ओव्हरग्रो’ नावाचा गुण असा की जीव एक तृतीयांशावर आला की गवताच्या मूव्हची ताकद दीडपट होते. सेप्टाइल खेळवणाऱ्याला ही धाकधूक आवडावी लागते.

टीव्हीवर कार्टून बघून मोठ्या झालेल्यांना हे आकडे ठाऊक नसतील, पण कार्टूनचा नायक ॲश याचा ट्रीको आठवत असेल, तोंडात काडी धरून फिरणारा. एक म्हातारा वृक्ष मरायला टेकलेला असतो, बाकीचे ट्रीको त्याला सोडून जातात आणि हा एकटा त्याला सोडायला तयार नसतो. झाड काही वाचत नाही. त्यानंतर तो ॲशबरोबर निघतो. याच ट्रीकोचा पुढे सेप्टाइल होतो तेव्हा प्रेमभंगाने त्याच्या सगळ्या मूव्ह काही काळ बंद पडतात, हे जरा अतीच झालं. पण सिनो लीग या स्पर्धेत ज्या टोबायसने एकट्या डार्कराईच्या बळावर सगळ्यांना लोळवलं होतं, त्याचा डार्कराई पाडला तो या सेप्टाइलनेच. इतकी वर्षं झाली, तरी हा विषय निघाला की चाहत्यांचा आवाज चढतो.

माझ्या मते या कुळातलं सर्वांत चांगलं पात्र मात्र ग्रोव्हाइल आहे, आणि तो ॲशचा नाही. २००७ मध्ये निन्टेन्डो डीएसवर ‘मिस्टरी डन्जन’ मालिकेतले ‘एक्सप्लोरर्स ऑफ टाइम’ आणि ‘एक्सप्लोरर्स ऑफ डार्कनेस’ हे खेळ आले. त्यात माणसं जवळजवळ नाहीतच, सगळी गोष्ट पोकेमॉनचीच. जगभर लपवलेली कालचक्रं एक ग्रोव्हाइल चोरत सुटला आहे. चक्र काढलं की त्या जागचा काळ थिजतो. साहजिकच सगळे त्याच्या मागावर. (ज्यांना खेळायचा आहे त्यांनी पुढची चार वाक्यं सोडून द्यावीत.) मग कळतं की काळ कायमचा थांबलेल्या भविष्यातून तो आला आहे आणि ही चक्रं योग्य जागी बसवली तरच ते भविष्य टळेल. शिवाय, टळलं की त्या भविष्यातला तो स्वतःही पुसला जाणार. हे त्याला सुरुवातीपासून माहीत असतं. लहान मुलांच्या खेळात चोराला इतकं सरळ मन देणं सोपं नव्हे.

आता सेप्टाइलची शेपटी. २०१४ मध्ये ‘ओमेगा रुबी’ आणि ‘आल्फा सफायर’ आले आणि त्याला मेगा रूप मिळालं. तोवर निव्वळ गवत असलेला हा प्राणी त्या रूपात गवत आणि ड्रॅगन झाला. या रूपात तो शेपटीचं टोक क्षेपणास्त्रासारखं शत्रूवर सोडतो. खरी पाल शेपटी तोडते ती पळण्यासाठी. मणक्यांत आधीच कमकुवत जागा असतात, तिथून ती तुटते, तुटलेला तुकडा वळवळत राहतो, शत्रू त्यात गुंततो आणि पाल निसटते. मागाहून नवी शेपटी येते, पण तिच्यात हाडाऐवजी कूर्चा असते. पळवाटेचं साधन सेप्टाइलने शस्त्र केलं, याला काय म्हणावं ते ज्याने त्याने ठरवावं. बर्फाचा घाव मात्र त्या रूपात चौपट बसतो. ड्रॅगन होण्याची ही किंमत.

राहिली एक गोष्ट, जी वरवर शुद्ध कल्पना वाटते. सेप्टाइलच्या पाठीवरच्या बियांत झाडांना नवा जीव देणारं सत्त्व असतं आणि तो रानातली झाडं मायेने वाढवतो, असं पोकेडेक्स म्हणतो. सरपटणारा प्राणी आणि माळीकाम?

मॉरिशसमध्ये, जिथे मराठी घरंही पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत, रूसिया सिम्प्लेक्स नावाची एक दुर्मीळ वेल आहे. ती जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाही. तिच्या फुलांचे परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेते ती फेल्सुमा सेपेडिआना ही निळ्या शेपटीची, दिवसा वावरणारी हिरवी पाल. मधासाठी ती फुलात तोंड घालते तेव्हा पराग डोक्याला चिकटतात. फळाचा रस चाटताना बियाही तीच गिळते आणि दूर टाकते. पण बाहेरून आलेली एक पांढऱ्या पायांची मुंगी आता या वेलीवर ठाण मांडून बसते. फुलांवर-फळांवर पिठ्या ढेकूण पाळते आणि फळांभोवती मातीचं लिंपण करते. मुंग्या दिसल्या की पाल त्या फुलाकडे फिरकत नाही, आणि वेलीचं बी पडायचं थांबतं. पोकेमॉनच्या तक्त्यातही गवतावर कीटक दुप्पट भारी पडतो.

(पुढील आठवड्यात : मडकिप, आणि तो मासा की बेडूक हा वाद)