गिटारचं किट मागवलंय? रंगाची घाई नको

इलेक्ट्रिक गिटारच्या किटमध्ये बॉडी, नेक, पिकअप, ब्रिज, खुंट्या सगळं सुटं येतं. खोकं उघडलं की पोरांचा हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो, तिथंच घोळ होतो.

आधी कोरी गिटार जोडून पाहावी. खुंट्यांजवळ तारा टेकतात तिथून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, जवळपास तेवढंच पुढे ब्रिजपर्यंत हवं. २५.५ इंच मापाच्या गिटारला ते १२.७५ इंच. हे चुकलं तर रंग कितीही झकास असो, सूर लागणार नाही.

मग सुटी करून लाकडाच्या रेषेनेच पॉलिश पेपर मारावा. नेकच्या खाचेला टेप लावावी. तिथं रंग साचला तर नेक नीट बसत नाही. लॅकर पातळ थरांत, आणि भर पावसात तर नकोच. दमट हवेत पांढरट पडतं. ब्रिजची अर्थिंग वायर राहिली, तर अॅम्प्लिफायर गुणगुणत बसतो.