जुन्या ट्रॅक्टरचे जाम झालेले स्टिअरिंग

जुना ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर उभा राहिला की त्याचे पुढील भाग गंजतात. चिखलणीत शिरलेले पाणी व माती ग्रीस धुऊन नेतात आणि उरलेले ग्रीस वाळून घट्ट होते. मग स्टिअरिंग फिरविण्यास दोन्ही हातांचे बळ लागते. उसाची भरलेली ट्रॉली ओढताना असे स्टिअरिंग वेळेवर वळले नाही, तर प्राणावर बेतते. म्हणून हा दोष आढळताच ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊ नये.

प्रथम दोष नेमका कोठे आहे, हे शोधावे. मागील चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत. पुढचा एक्सल जॅकने उचलून त्याखाली मजबूत लाकडी ओंडके द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. मॅसी फर्ग्युसन ३५ या जुन्या ट्रॅक्टरात स्टिअरिंग पेटीपासून प्रत्येक चाकाकडे स्वतंत्र दांडी जाते. दोन्ही दांड्या सोडवून एकेक चाक हाताने वळवून पाहावे. चाक वळत नसेल, तर किंगपिन त्याच्या बुशात अडकली आहे. चाके सहज वळतात, पण स्टिअरिंग जड आहे, असे आढळल्यास दोष पेटीत समजावा.

दांडीचा बॉल जॉइंट निघत नसेल, तर त्याच्या आट्यांवर घाव घालू नये. नट थोडा सैल करून आट्यांवरच ठेवावा. ज्या डोळ्यात तो बसला आहे, त्याच्या एका बाजूस जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूस ठोका द्यावा. निमुळती पिन त्यायोगे सुटते.

अडकलेल्या किंगपिनसाठी घाई उपयोगाची नाही. माती खरवडून, ग्रीसचे निपल काढून त्याचे छिद्र मोकळे करावे. त्यातून व पिनेच्या दोन्ही टोकांस गंज सोडविणारे पातळ तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी चाक थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे हलवीत राहावे व पुन्हा तेल द्यावे. लांब नळी लावून एकदम जोर केल्यास स्टिअरिंगचा हात वाकतो.

एवढ्यानेही पिन सुटली नाही, तर बाहेरील भाग तापविण्याचे काम अनुभवी मिस्त्रीकडेच सोपवावे. त्यापूर्वी चाक काढून दूर ठेवावे व सांडलेले तेल पुसावे. तापलेल्या रिमवरील टायर फुटून माणूस दगावू शकतो. स्टिअरिंगचे हात व दांड्या मात्र कधीही तापवून सरळ करू नयेत, जोडही देऊ नये. वाकलेला अगर तडकलेला भाग बदलणे हाच योग्य मार्ग होय.

पिन निघाल्यावर ती घासून साफ करावी. झिजलेले बुश नवे घालावेत. जोडणी करताना काढलेल्या कॉटर पिना पुन्हा न वापरता नव्या घालाव्यात. पुढचा एक्सल उचललेला असतानाच, जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे ग्रीस भरावे. भार नसल्याने ते खालच्या टेकणीपर्यंत पोहोचते. शेवटी चाकांची दिशा पुस्तिकेप्रमाणे जुळवून, शेतात सावकाश चालवून पाहावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंना एवढे आवर्जून सांगावे : चिखलणी संपली की त्याच दिवशी ट्रॅक्टर धुवावा आणि प्रत्येक निपलला ग्रीस द्यावे. या कामास फार वेळ लागत नाही. परंतु अडकलेली पिन सोडविण्यात ऐन पेरणीचे दिवस वाया जातात.