अडीचचा जर्मन जुळा, चक्क्याचा जर्मन भाऊ

चाकणला मर्सिडीजचा कारखाना, नाशिकला बॉशचा. दोन्ही कंपन्यांचं माहेर जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या परिसरात. मुंबई आणि स्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी-शहरं! त्यामुळे नोकरीनिमित्त इथे बिऱ्हाड हलवणारी मराठी कुटुंबं बरीच. आमचंही त्यांतलंच. दोन मुलं, सहा बॅगा आणि एक पोळपाट घेऊन आलो. सगळं परकं असेल अशी मनाची तयारी केली होती. पण रोजच्या जगण्यात काय काय ओळखीचं निघालं, ते वाचा.

१. जिऱ्याचं नाव नीट वाचा

‘क्युमेल’ लिहिलेली पुडी जिऱ्यासारखी दिसते, पण ते जिरं नव्हे. तो शहाजिऱ्याच्या वळणाचा मसाला, इथे कोबीत आणि पावात घालतात. आपलं जिरं म्हणजे ‘क्रॉइत्सक्युमेल’. आणि ‘श्वार्त्सक्युमेल’ म्हणजे कलौंजी. पहिल्या आठवड्यात आमच्या वरणाच्या फोडणीला भलताच वास सुटला, तेव्हा हा धडा पक्का झाला.

२. श्रीखंड बारा महिने

दही बांधून चक्का करत बसू नका. दुकानात ‘क्वार्क’चे डबे रांगेने मांडलेले असतात. बिनसायीचा, २० टक्क्यांचा आणि ४० टक्क्यांचा असे मुख्य प्रकार. ही टक्केवारी पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाची असते. श्रीखंडाला ४० टक्केवालाच घ्या, तासदोनतास कापडात टांगा, मग साखर, केशर, वेलची. पाडव्याला पाव्हणे वाढले तरी काळजी नाही. धाकटी तर आता क्वार्कला ‘जर्मन चक्का’च म्हणते.

३. तूप आणू नका, कढवा

युरोपीय संघाबाहेरून येताना दूध-दुभत्याचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे. म्हणजे आईच्या हातचं तूप आणि सातारचे कंदी पेढे, दोन्ही घरीच ठेवायचे. पण लोण्यासाठी अडत नाही. ‘झाउअरराम-बुटर’ म्हणजे आंबवलेल्या सायीचं लोणी, थेट आपल्या घरच्या लोण्याच्या जातीचं. मंद आचेवर कढवलं की बेरी खमंग लागते आणि जिन्यापर्यंत वास जातो.

४. हापूस नाही, नारळ चालतो

बाहेरून ताजी फळं-भाज्या आणायच्या तर रोग-किडी नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. त्यामुळे हापूसची पेटी बॅगेत घालता येत नाही, पण कोकणातल्या घरचा नारळ या नियमात बसतो.

५. पिठाला नंबर असतो

पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे दिसतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम खनिजं उरतात, तो हा आकडा. ४०५ म्हणजे जवळपास आपला मैदा. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. ‘फोलकोर्न’ म्हणजे सगळ्या कोंड्यासकट. नुसत्या त्याची पोळी फाटते. आम्ही १०५० मध्ये थोडं फोलकोर्न मिसळतो आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवतो. पोळी छान फुगते.

६. नवलकोल, दोन्हीकडचा

बाजारात हिरव्या-जांभळ्या नवलकोलांचे ढीग पाहून जीव भांड्यात पडला. जर्मनमध्ये तो ‘कोलराबी’. ‘कोल’ म्हणजे कोबी. आपला ‘नवलकोल’ आला डच ‘क्नोलकोल’वरून, म्हणजे गड्ड्याचा कोबी. तेव्हा शब्दातला ‘कोल’ दोन्हीकडे एकच! इथली मुलं तो कच्चाच, मीठ लावून खातात. आमचीही आता डब्यात तोच मागतात.

७. चकोल्यांची सख्खी बहीण

ही आमची सगळ्यात लाडकी गोष्ट. स्टुटगार्टच्या भागातलं खास घरगुती जेवण कोणतं? मसुराची उसळ आणि त्यावर ‘श्पेत्सले’, म्हणजे कणकेत अंडं घालून उकडलेले छोटे तुकडे. सोबत सॉसेज. खालच्या मजल्यावरच्या आजींना मुलं ‘ओमा’ म्हणतात. त्यांना एका संध्याकाळी चकोल्या खायला दिल्या. एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “हे तर आमचंच आहे, फक्त तिखट!” मग त्यांनी त्यांची युक्ती सांगितली: उतरवताना चमचाभर व्हिनेगर घालायचं. आपण आमसूल घालतो, तसंच.

स्टुटगार्टजवळच्या डोंगराळ भागातली मसुराची शेती गेल्या शतकाच्या मध्यावर बंद पडली होती. १९८५ च्या सुमारास ती पुन्हा सुरू झाली, पण जुनं स्थानिक बियाणं हरवलं होतं. ते २००६ मध्ये सापडलं, तेही थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात! आज तेच मसूर इथल्या शेतांत पिकतात.

८. अडीच वाजले की...

जर्मन आकडे ऐकून इंग्रजी बोलणारे गोंधळतात. २१ म्हणजे ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिग’, एक आणि वीस. अहो, पण हे तर आपलं एकवीसच! आधी एकक, मग दशक. मराठी मुलाला यात नवं काहीच नाही.

याहून गंमत घड्याळात. अडीच वाजले की जर्मन माणूस म्हणतो ‘हाल्ब द्राय’, शब्दशः ‘अर्धा तीन’. आणि आपला ‘अडीच’ कुठून आला? संस्कृत ‘अर्धतृतीय’ वरून, म्हणजे तिसरा अर्धा. दीडसाठीही त्यांच्याकडे एकच शब्द आहे, ‘आन्डरथाल्ब’: दुसरा अर्धा. आपल्या ‘दीड’च्या मुळाशीही ‘द्वि’ आणि ‘अर्ध’च आहेत. थोरल्याला हे सांगितलं, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना मराठी आकडे शिकवून आला.

९. रविवारची सुट्टी राज्यघटनेत

रविवारी बहुतेक सगळी दुकानं बंद. हा नुसता रिवाज नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम १९४९ च्या राज्यघटनेतही कायम ठेवलं आहे. भिंतीत ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही. शनिवारी कोथिंबीर विसरलात तर सोमवारपर्यंत थांबा. पण त्या शांततेत चौघं मिळून निवांत जेवतो, हे सुख आम्हाला इथे लाभलं.

१०. रिकाम्या बाटलीचे पैसे

पाण्याची एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली घेताना २५ सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पावती मिळते आणि पैसे परत. पेयांच्या अशा डब्यांवर आणि बाटल्यांवर ही सक्ती २००३ पासून आहे. आठ बाटल्या म्हणजे दोन युरो. घरात मुलांची ही हक्काची कमाई.

११. शाळेचा पहिला दिवस, हातात शंकू

पहिलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात जवळजवळ त्याच्याएवढा पुठ्ठ्याचा रंगीत शंकू असतो, ‘शूलट्युटे’. आत खाऊ, पेन्सिली, खेळणी. धाकटीच्या शंकूत आम्ही राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की भरली. वर्गात सगळ्यात आधी तिचाच शंकू रिकामा झाला.

तुम्ही इकडे यायच्या तयारीत असाल तर गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं आणि पोळपाट-लाटणं जरूर आणा. मिक्सरही आणा, वीज भारतासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त पिनेला अडॅप्टर लावा. आणि आल्या आल्या पहिल्या आठवड्यातच शेजारच्या ओमांना वाटीभर चकोल्या नेऊन द्या.